वाचकांचे प्रश्न: रोटरीला कार्ब लावू की इंजेक्शन?

प्रश्न: नमस्कार सर, आम्ही तिघं मित्र वसईला गाळा भाड्याने घेऊन दोन सीटचं विमान बांधतोय. मामेभावाने दुबईहून माझदा आरएक्स-७ गाडीचं जुनं १३बी रोटरी इंजिन (पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरणारं) पाठवलंय. एक मित्र म्हणतो साधा कार्ब (कार्ब्युरेटर) लाव, बिघडला तर पाना-पेचकस घेऊन सुटतो, दुसरा म्हणतो इंजेक्शनच (विजेवर पेट्रोल फवारणारी यंत्रणा) पाहिजे. आणि इनटेकचे (इंजिनात हवा नेणारे) पाइप किती लांब ठेवायचे यावरून तर रोज भांडण. काय करू?
*एक वाचक, नालासोपारा*

उत्तर: भांडा हो, पण पाइपांवरून नको. तो सगळ्यात शेवटचा मुद्दा आहे आणि लोक नेमकी तिथूनच सुरुवात करतात.

आधी कार्ब बघू. आपल्याला वाटतं बर्फाचा आणि मुंबईचा काय संबंध, आपण तो फ्रीजमध्ये नाहीतर गोळेवाल्याकडे बघतो. पण कार्बच्या गळ्यातून हवा जोरात जाते, पेट्रोलची वाफ होते आणि तिथलं तापमान २० अंशांनी, कधी त्याहून जास्तही खाली येतं, म्हणजे बाहेर जुलैची २५-२६ अंशांची चिकट हवा असली तरी आत बर्फ धरू शकतो, आणि दमटपणा तर आपल्याकडे फुकटच मिळतो. त्यात उतरताना थ्रॉटल मिटलेला असतो, तेव्हा धोका सगळ्यात जास्त. म्हणून कार्ब लावलात तर कार्बमध्ये गरम हवा सोडणारं झाकण हवंच, त्यावर चर्चा नाही. शिवाय गाडीच्या कार्बला उंची कळत नाही. १०,००० फुटांवर हवेचा दाब साधारण ३० टक्के कमी असतो, पण पेट्रोल त्या हिशोबाने कमी होत नाही, मग इंजिन काळा धूर सोडत गुदमरतं. विमानाच्या कार्बला मिक्श्चरचा (पेट्रोल-हवेचं प्रमाण बदलणारा) लिव्हर असतो तो याचसाठी.

त्यामुळे माझं मत इंजेक्शनला. पण मित्राच्या पाना-पेचकसवाल्या मुद्द्यात दम आहे, कारण इंजेक्शन म्हणजे इंजिन पूर्ण विजेवर. पंप, इसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर), ठिणगीच्या कॉइल मिळून १५ अँपिअर ओढतात असं धरा, अल्टरनेटर गेला तर २० अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर सव्वा तास पुरते आणि खऱ्यात तेवढीही नाही. म्हणून पंप दोन, त्यांची वायरिंग आणि फ्यूज वेगवेगळे, जमलं तर इसीयूसुद्धा दोन. प्रत्येक रोटरला दोन असे चार इंजेक्टर असलेलं इंजिन असेल तर ते दोन जोड्यांत वेगळे चालू-बंद करता येतील अशी वायरिंग करा, एक जोडी बसली तरी दुसरीवर घरी येता येईल एवढी ताकद मिळेल असं आधी जमिनीवर चालवून बघा.

दुसरं म्हणजे पंपाची जागा. पेट्रोल ओढून घ्यावं लागलं की पाइपातला दाब पडतो आणि ते लवकर उकळतं, ढकललं की उकळत नाही. मे महिन्यात विमान उन्हात उभं, काउलिंगच्या (इंजिनावरच्या आवरणाच्या) आत भट्टी, आणि पंप तुम्ही वर इंजिनाशेजारी लावलेला, मग व्हेपर लॉक (पाइपात वाफ होऊन पेट्रोल अडणं) होणार नाहीतर काय. पंप टाकीजवळ, खाली, थंड जागी. आणि रिटर्नची लाइन! १०० हॉर्सपॉवर घ्यायला ताशी ३०-३५ लिटर जळतं, पंप मात्र त्याच्या कितीतरी पट फेकतो, उरलेलं परत टाकीत येतं. ते ज्या टाकीतून निघालं तिथेच परत आलं पाहिजे, नाहीतर डावीकडचं पेट्रोल उजव्या टाकीत जाऊन व्हेंटमधून (टाकीच्या हवेच्या भोकातून) बाहेर सांडेल आणि तुम्ही वर बसून गेज बघत राहाल.

आता हवा. काउलिंगच्या आतली गरम हवा पिऊ देऊ नका, दर ३ अंशांना घनता साधारण १ टक्का कमी होते. बाहेरून घ्या, फिल्टर लावा, आणि फिल्टर पावसाने किंवा किड्यांनी तुंबला तर उघडायला एक पर्यायी झडप ठेवा. राहिले पाइप. १९९१ मध्ये ल मॉन्सची शर्यत जिंकणाऱ्या रोटरीवाल्या माझदा ७८७बी मध्ये चालत्या इंजिनात लांबी बदलणारे पाइप होते, भारीच प्रकार, पण त्या गाडीला वळणावर आरपीएम खाली, सरळ रस्त्यावर वर असं करायचं होतं. तुमचा प्रोपेलर तासन् तास एकाच आरपीएमच्या आसपास फिरणार, मग त्याच आरपीएमला जुळेल अशी एक लांबी धरा आणि विषय संपवा.

आणि हो, हे आपल्याकडे अगदीच नवं नाही. लष्कराच्या निशांत ड्रोनसाठी ५५ हॉर्सपॉवरचं वँकेल (म्हणजे तुमच्यासारखंच रोटरी) इंजिन बनवलं त्यात बेंगळुरूच्या एनएएल या विमान-संशोधन संस्थेबरोबर आपल्या नगरची व्हीआरडीई ही लष्करी वाहनांची संशोधन संस्थासुद्धा होती.

प्रश्न: पंपावरचं ई-२० (२० टक्के इथेनॉलचं) पेट्रोल रोटरीला चालेल का?
*एक वाचक, डोंबिवली*

उत्तर: रोटरी ऑक्टेनच्या बाबतीत नखरे करत नाही, ती चालेल. त्रास बाकीच्या सामानाला. इथेनॉल पाणी धरतं, ते जास्त झालं की दोघं मिळून टाकीच्या तळाला बसतात, आणि पंप ओढतो तळाचंच. जुने रबरी पाइप, टाकीचं सीलंट, फायबरची टाकी, सगळं आधी तपासा. शिवाय नुसत्या पेट्रोलला १ किलोमागे १४.७ किलो हवा लागते, ई-२० ला साधारण साडेतेरा, म्हणजे जुन्याच मॅपवर (किती पेट्रोल सोडायचं त्या तक्त्यावर) इंजिन लीन, म्हणजे पेट्रोल कमी पडून, चालणार, पुन्हा ट्यूनिंग करा. अपेक्स सीलसाठी (रोटरच्या टोकांवरच्या पट्ट्यांसाठी) टू-स्ट्रोक ऑइल टाकीत मिसळणार असाल (आपल्या जुन्या स्कूटरसारखंच) तर तेही या पेट्रोलमध्ये नीट विरघळून राहतंय का ते काचेच्या बरणीत दोन दिवस ठेवून बघा.

प्रश्न: पहिल्या महायुद्धातली विमानं रोटरीवर उडायची म्हणतात, ती हीच का?
*एक वाचक, परळ*

उत्तर: नाही, फक्त नाव तेच. तिथे क्रँकशाफ्ट विमानाला घट्ट आणि अख्खं इंजिन सिलिंडरसकट प्रोपेलरबरोबर गरगरायचं, पेट्रोल-हवा पोकळ क्रँकशाफ्टमधूनच आत जायची. वंगणाला चक्क एरंडेल, कारण ते पेट्रोलात सहज विरघळत नाही, आणि ते पुन्हा वापरायची सोयच नव्हती, सगळं बाहेर उडायचं, मागे बसलेल्या पायलटच्या तोंडावर.