स्टेंट बसवला, पण काढायची तारीख कोणी लिहून घेतली?

प्रश्न : डॉक्टर मॅडम, माझ्या आईला (वय ६३) मागच्या दिवाळीच्या आधी कावीळ झाली होती. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले आणि पित्तनलिकेत पण एक अडकलेला होता. ईआरसीपी करून (म्हणजे घशातून दुर्बीण आतड्यापर्यंत नेऊन पित्तनलिकेत नळी घालतात ते) तो काढला, स्टेंट टाकला, तीन दिवसांत घरी आलो. आता आठ महिने झाले, आई ठणठणीत आहे, सगळं खाते. पित्ताशयाचं ऑपरेशन राहूनच गेलं कारण मधे बहिणीचं लग्न निघालं. शेजारचे काका म्हणतात माझ्या हार्टमधला स्टेंट नऊ वर्षं झाली तसाच आहे, हा पण राहू दे. आईला परत घशातून नळी नकोय. काय करू? — एक मुलगी, संगमनेर

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचलं तसं संपादकांकडून तुम्हाला निरोप धाडायला सांगितला, कारण अंक छापून येईपर्यंत थांबण्यासारखं हे नाहीये. आईला येत्या चार-आठ दिवसांतच दाखवून घ्या. इथे सविस्तर लिहितेय ते यासाठी की अशी पत्रं मला वरचेवर येतात आणि प्रत्येकात हे एक वाक्य असतंच, "पेशंट एकदम बरा आहे".

शेजारच्या काकांचा स्टेंट आणि आईचा स्टेंट, नाव सोडलं तर दोघांत काहीच सारखं नाही. हार्टमधला म्हणजे धातूची बारीक जाळी, ती रक्तवाहिनीच्या भिंतीत बसते, काही महिन्यांत तिच्यावर आतलं अस्तर चढतं आणि ती तिथलीच होऊन जाते. पित्तनलिकेत खड्यासाठी टाकतात ती बहुतेक वेळा प्लॅस्टिकची साधी नळी असते, बॉलपेनच्या रिफिलएवढी जाड, सात ते दहा सेंटिमीटर लांब, तिचं एक टोक पित्तनलिकेत आणि दुसरं लहान आतड्यात लोंबत असतं. आतड्यात जंतू असतातच, ते त्या नळीतून वर चढतात, आतून बुळबुळीत थर धरतो, त्यावर पित्ताचा गाळ बसत जातो आणि साधारण तीन महिन्यांत नळी बुजायला लागते, म्हणूनच तीन महिन्यांच्या आत काढा किंवा बदला असं सांगतात.

मग आठ महिने आईला त्रास कसा झाला नाही? नळी बुजली तरी तिच्या बाजूने पित्त पाझरत राहतं म्हणून. कधी कधी ती आपोआप घसरून शौचावाटे निघूनही जाते. पण बाजूची वाट बंद झाली की एखाद्या रात्री थंडी वाजून हुडहुडी भरते, ताप चढतो, डोळे पिवळे दिसतात, उजव्या बरगडीखाली दुखतं, आणि तिथून इन्फेक्शन रक्तात जाऊन बीपी पडायला खूप वेळ लागत नाही. साठीच्या पुढच्या माणसाला हे झेपत नाही. मी उशिरा काढलेले स्टेंट नातेवाईकांना ट्रेमध्ये मुद्दाम दाखवते, घालताना स्वच्छ असलेली नळी बाहेर येते ती काळपट, आत तपकिरी चिखल घट्ट बसलेला, आणि एकदा तर वरच्या टोकाला कणसासारखा नवाच खडा धरलेला होता, त्या आजोबांना पण काही त्रास नव्हता.

आता काय करायचं ते सांगते. आधी डिस्चार्ज कार्ड शोधा, त्यावर स्टेंट प्लॅस्टिकचा की धातूचा ते लिहिलेलं असतं. पोटाच्या साध्या एक्स-रेत स्टेंट जागेवर आहे का ते दिसतं, सोबत लिव्हरच्या रक्ततपासण्या आणि सोनोग्राफी करा. नुसता स्टेंट ओढून काढायचा तर दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे, पण आठ महिने झालेत म्हणजे नलिकेत नवा गाळ-खडा असू शकतो आणि पुन्हा ईआरसीपी लागू शकते, त्यामुळे जिथे ईआरसीपीची सोय आहे तिथेच जा, गावात नुसती एंडोस्कोपी होते तिथे नको. रक्त पातळ व्हायची गोळी चालू असेल तर आधीच सांगा, मनाने बंद करू नका. आणि आईला सांगा की झोपेचं इंजेक्शन देऊन करतात, मागच्या वेळचं तिला जे आठवतंय ते मोकळेपणाने डॉक्टरांना सांगू दे, ते त्याप्रमाणे करतील.

आणि ते पित्ताशय! खडे तयार होतात तिथे, नलिकेत आला तो फक्त घसरलेला एक. स्टेंट काढला आणि खड्यांनी भरलेलं पित्ताशय तसंच ठेवलं तर पुढचा खडा कधीही येऊन अडकेल. म्हणून सर्जन आणि एंडोस्कोपीवाले डॉक्टर दोघांशी बोलून दोन्ही तारखा एकाच वेळी ठरवून घ्या. खर्चाची अडचण असेल तर हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला (सरकारी आरोग्य योजनेची मदत करणाऱ्या माणसाला) भेटून यातलं काय काय त्या योजनेत बसतं ते विचारा, रेशन कार्ड आणि आधार घेऊनच जा.

प्रश्न : मिस्टर (वय ४१) स्वादुपिंडाला सूज आली म्हणून ॲडमिट आहेत. दारू पीत नाहीत. लायपेज (स्वादुपिंडाचं रक्तात मोजतात ते एन्झाइम) खूप वाढलं होतं, पित्ताशयात बारीक खडे आहेत. बिलिरुबिन (कावीळ दाखवणारी रक्ततपासणी) पहिल्या दिवशी थोडं जास्त होतं, दुसऱ्या दिवशी उतरलं. ताप नाही. दीर म्हणतात लगेच दुर्बिणीने खडा काढायला लावा, डॉक्टर म्हणतात थांबा. आम्हाला टाळतायत का? — डोंबिवली

उत्तर : नाही, टाळत नाहीयेत, तुम्ही लिहिलंय त्यावरून तरी थांबणंच बरोबर दिसतंय. पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नळी आतड्यात जवळजवळ एकाच तोंडाने उघडतात, बारीक खडा त्या तोंडाशी क्षणभर अडकला तरी स्वादुपिंडाचे पाचक रस आतल्या आतच पेटतात आणि ते बेंबीच्या वरचं, पाठीत आरपार जाणारं, पुढे वाकून बसलं की जरा हलकं वाटणारं दुखणं सुरू होतं. पण बहुतेकांचा तो खडा एक-दोन दिवसांत आपोआप आतड्यात पडून जातो, मिस्टरांचं बिलिरुबिन उतरलं ते बहुधा म्हणूनच. मग जो खडा तिथे नाहीच तो काढायला ईआरसीपी कशाला? नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी २०२० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापलेला अभ्यास आहे, खड्यामुळे सूज आलेल्या आणि आजार गंभीर होईल अशी शक्यता असलेल्या, पण नलिकेत इन्फेक्शन नसलेल्या पेशंटना घाईने ईआरसीपी करून फायदा झाला नाही. ताप-थंडी आली, कावीळ चढत गेली, तर मात्र तेच डॉक्टर पळत करतील, आणि करायलाच हवी.

दिरांना अजून एक सांगा. ईआरसीपीनेच स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, शंभरात साधारण तीन ते दहा जणांना येते. त्यासाठी गुदद्वारातून इंडोमेथासिनची १०० मिलिग्रॅमची गोळी देतात, त्याने धोका कमी होतो, पण संपत नाही. १९६८ मध्ये पहिल्यांदा दुर्बिणीतून त्या तोंडात नळी घातली गेली तेव्हा आत बघायला दुसरा बरा उपाय नव्हता, १९७४ मध्ये जर्मनी आणि जपानमध्ये ते तोंड कापून खडे काढायला सुरुवात झाली. आज नुसतं बघायला एमआरसीपी (एमआरआय मशीनवर काढलेलं पित्तनलिकेचं चित्र) आहे आणि ईयूएस आहे. ईयूएस म्हणजे दुर्बिणीच्या टोकालाच सोनोग्राफीचा प्रोब, तो आतड्यात पित्तनलिकेला अगदी खेटून बसतो, मधे गॅस येत नाही, त्यामुळे पोटावरून न दिसलेला दोन-तीन मिलिमीटरचा खडा पण सापडतो. शंका राहिली तर आधी यातलं एक, खडा दिसला तरच ईआरसीपी.

मिस्टरांना भूक लागली आणि उलटी नसेल तर हळूहळू खायला देतात, पूर्वीसारखं दिवसचे दिवस उपाशी ठेवत नाहीत. सूज सौम्य असेल तर पित्ताशय याच ॲडमिशनमध्ये काढून घ्या. "दोन महिन्यांनी बघू" म्हणून घरी गेलेले बरेच जण दुसरा अटॅक घेऊन परत येतात.

प्रश्न : भावाला पॅन्क्रियाटायटिस (स्वादुपिंडाची सूज) होऊन सोळा दिवस झाले, स्कॅनमध्ये स्वादुपिंडाजवळ नऊ सेंटिमीटरचं पाणी जमलेलं दिसतंय. ताप नाही, जेवतो. सुई घालून काढून टाकावं का? — नांदेड

उत्तर : आत्ता नको. नुसता आकार बघून काढत नाहीत, बरंचसं पाणी आपोआप जिरतं. साधारण चार आठवड्यांत त्याच्याभोवती घट्ट भिंत धरते. तेव्हाही दुखत असेल, उलट्या होत असतील, इन्फेक्शन झालं असेल तर ईयूएसने बघत बघत जठराच्या भिंतीतूनच त्यात वाट काढता येते, मधे डमरूसारखा कंबर बारीक असलेला धातूचा स्टेंट ठेवतात आणि पाणी जठरात उतरतं, पोटावर टाका नाही. तो स्टेंट पण तीन-चार आठवड्यांत स्कॅन करून काढावा लागतो, राहिला तर आतून रक्तस्राव होऊ शकतो, त्यामुळे तसा बसवलाच तर काढायची तारीख डिस्चार्जच्या आधी विचारा आणि भिंतीवरच्या कालनिर्णयवर लाल पेनाने लिहा. मधे ताप आला, पोट फुगलं, काळी शौच झाली तर तारखेची वाट न बघता जा.

प्रश्न : मला (वय २६) क्रॉनिक (जुनाट) पॅन्क्रियाटायटिस आहे. अन्न पचवणाऱ्या एन्झाइमच्या कॅप्सूल जेवण झाल्यावर घेतो, तरी शौच तेलकट होते, वजन उतरतंय. — कोल्हापूर

उत्तर : दादा, कॅप्सूल जेवणानंतर घेतली तर अन्न पुढे गेलेलं असतं. पहिल्या घासाबरोबर घ्या, दोन असतील तर दुसरी अर्ध्या जेवणात. नाश्ता, संध्याकाळचं खाणं, दुधाचा मोठा ग्लास याच्याबरोबरही लागते, तिथेच बऱ्याच जणांची चुकते. तरी फरक नाही पडला तर डोस वाढवावा लागेल, ते डॉक्टरांना विचारून. तंबाखू-सिगरेट-दारू यातलं काही असेल तर आजच बंद, आणि शुगर तपासा, या आजारात स्वादुपिंडातलं इन्सुलिन पण कमी होत जातं. ऑफिसला डबा नेत असाल तर चार कॅप्सूलची छोटी डबी डब्याच्या पिशवीतच ठेवून द्या.