ऑफिस ओतेमाचीला असेल तर निशी-कासाईत घर घ्यावं का?

तुमचा प्रश्न असा, की पुण्याहून टोकियोला बदली झाली आहे, ऑफिस ओतेमाचीला आहे, तर निशी-कासाईत भाड्याचं घर बघावं का आणि 'स्टेशनपासून १० मिनिटं' ही जाहिरात किती खरी मानावी.

घर जरूर बघा. मात्र डाळ-मसाल्याची भारतीय दुकानं जवळ आहेत एवढ्यावर ठरवू नका, आधी गाड्या समजून घ्या. दोन्ही स्टेशनं तोझाई लाइनवर आहेत, मध्ये गाडी बदलावी लागत नाही. प्रवास १५ मिनिटांच्या आसपास. नवखा माणूस चुकतो तो संध्याकाळी परतताना. 'काइसोकु' म्हणजे जलद गाडी तोयोचोनंतर एकदम उरायासूलाच थांबते; निशी-कासाई खिडकीतून मागे जाताना दिसतं. असं झालं तर उरायासूला उतरून उलट दिशेची धीमी पकडा, दुसरं स्टेशन तुमचं. सकाळची 'त्सूकिन काइसोकु', म्हणजे ऑफिसच्या वेळेची जलद गाडी, मात्र उरायासूपासून शहराकडे प्रत्येक स्टेशनवर थांबते. नावात 'काइसोकु' दिसलं म्हणून ती सोडू नका.

गर्दीची मानसिक तयारी ठेवा. याच लाइनवरच्या किबा ते मोन्झेन-नाकाचो या टप्प्यात २०१९ साली सकाळच्या ऐन वेळी गाड्या क्षमतेच्या १९९ टक्के भरत होत्या. ऑफिसची वेळ तासभर मागेपुढे करता आली तर पहिल्याच आठवड्यात मागून घ्या. शिवाय मिनामी-सुनामाची आणि निशी-कासाई यांच्यामध्ये आराकावा नदीवरचा लांब पूल आहे. १९७८ मध्ये वावटळीने तिथे गाडी उलटली होती. त्यामुळे जोराचा वारा असला की गाड्या रखडतात. उशीर झाल्यास 'चिएन शोमेइशो', म्हणजे उशिराचा दाखला, स्टेशनच्या गेटवर किंवा रेल्वेच्या वेबसाइटवर मिळतो. तो ऑफिसात द्या.

आता ती १० मिनिटं. जपानमध्ये जाहिरातीतलं १ मिनिट म्हणजे ८० मीटर. सिग्नलला थांबण्याचा वेळ त्यात धरत नाहीत, म्हणून कराराआधी एकदा स्वतः चालून बघा.

स्टेशनजवळ यूआर या सरकारी संस्थेच्या वसाहती आहेत. तिथे 'रेइकिन' (घरमालकाला द्यायची, परत न मिळणारी रक्कम), दलाली आणि जामीनदार यातलं काहीच लागत नाही. फक्त अनामत द्यावी लागते. नव्याने आलेल्या परदेशी माणसाला जामीनदार शोधणंच सगळ्यात जड जातं, त्यामुळे मी आधी यूआरच बघायला सांगेन. पण गॅसची शेगडी आणि खोल्यांमधले दिवे बहुधा आपले आपण आणायचे असतात. चावी मिळेल त्याच दिवशी दिव्याची सोय करा, नाहीतर पहिली रात्र अंधारात जाईल.

एक गोष्ट दलाल आपणहून क्वचितच सांगतो: निशी-कासाई ज्यात येतं त्या एदोगावा वॉर्डाचा बराचसा भाग भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. वॉर्ड ऑफिसातून पुराचा नकाशा घ्या आणि त्यात इमारत शोधा. महापुराची चिन्हं दिसली तर वेळेत वॉर्डाबाहेर पडा, असं वॉर्ड स्वतःच सांगतो. कोणाकडे जायचं ते आत्ताच ठरवून ठेवा.

मुलं बरोबर असतील तर निशी-कासाईजवळच्या ग्योसेन पार्कमधलं छोटं प्राणिसंग्रहालय फुकट आहे. सोमवारी बंद असतं.