नदीकाठचं घर आणि 'नो'वर केलेली टिक

पत्र आहे आयोवातल्या डेव्हनपोर्टहून. लिहिणारे 36 वर्षांचे, कोथरूडचे, ट्रॅक्टरच्या कंपनीत इंजिनिअर. आधी मगरपट्ट्यातल्या ऑफिसात, गेली चार वर्षं एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर नदीपलीकडच्या मोलीनमध्ये. आई-बाबा दर उन्हाळ्यात पाच-सहा महिने येतात. भाड्याचा फ्लॅट 1,500 डॉलरचा. आता ईस्ट डेव्हनपोर्टमध्ये मिसिसिपीपासून दोन गल्ल्यांवरचं जुनं विटांचं घर 2,60,000 डॉलरला मिळतंय. "बाबांना सकाळी नदीकाठी फिरता येईल, शिवाय किंमत वाढेलच. घेऊ का?" असा प्रश्न. डाउन पेमेंटसाठी पुण्यातले म्युच्युअल फंड मोडायचा विचार आहे. आणि मग, सहज म्हणून, हे वाक्य: "टॅक्स सॉफ्टवेअर परदेशी खात्यांबद्दल विचारतं तेव्हा मी 'नो' करतो, कारण ही खाती माझ्याच देशातली आहेत."

घराचं नंतर बघू. आधी ही टिक.

अमेरिकेच्या कर खात्याच्या दृष्टीने तुम्ही तिथले रहिवासी आहात. त्यामुळे जगभरातलं उत्पन्न तिथे दाखवायचं आणि परदेश म्हणजे भारत. भारतातली सगळी खाती, फंड, पॉलिसी मिळून वर्षात एक दिवस जरी 10,000 डॉलरच्या वर गेली, तरी एफबार नावाचं परदेशी खात्यांचं विवरण भरावं लागतं. बाबांच्या एफडीवर दुसरं नाव तुमचं असेल, तर तीही त्यात आली. तुम्ही दिलेले आकडे 90 रुपयांच्या डॉलरने मांडतो: फंड 36 लाख, युलिपमध्ये, म्हणजे गुंतवणूक जोडलेल्या विमा पॉलिसीत, भरलेले 9 लाख, बँकेत 9 लाख. झाले 54 लाख, म्हणजे 60,000 डॉलर. मर्यादेच्या सहापट, आणि चार वर्षं उत्तर 'नो'.

त्यात म्युच्युअल फंड. भारतातला साधा इंडेक्स फंडसुद्धा तिकडे पीएफआयसी, म्हणजे कडक कर लागणारी परदेशी गुंतवणूक कंपनी, ठरतो, आणि त्याचा नफा साध्या भांडवली नफ्यासारखा मोजत नाहीत. तो धारण केलेल्या वर्षांवर पसरायचा, मागच्या वर्षांच्या वाट्याला सर्वांत वरचा दर म्हणजे 37 टक्के, वर व्याज. तुमच्या 36 लाखांत 16 लाख नफा आहे, म्हणजे 18,000 डॉलर. व्याजासकट 40 टक्के धरा, गेले 7,000 डॉलर. भारतात भरलेल्या कराची वजावट मिळेल, पण तुम्ही बँकेत आणि फंडात अजून 'निवासी'च आहात. चार वर्षं झाली, बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं खातं, केलेलं नाही. ते आधी करा, फंडाच्या केवायसीत बदल कळवा आणि ती 20,000 ची एसआयपी याच महिन्यात थांबवा.

आता युलिप. दोन वर्षांपूर्वी सुट्टीत आलात तेव्हा चुलतभावाने दिली: वर्षाला तीन लाख हप्ता, "एनआरआयसाठी खास, मॅच्युरिटी करमुक्त". भावाला माझा नमस्कार सांगा आणि हेही सांगा, की 1 फेब्रुवारी 2021 नंतरच्या युलिपचा वार्षिक हप्ता अडीच लाखांच्या वर गेला की मॅच्युरिटीची करमाफी भारतातच मिळत नाही. अमेरिकेत तर ती कधीच नव्हती. करमुक्त म्हणून विकली गेली आणि दोन्ही देशांत करपात्र! संरक्षण किती, तर 30 लाख. तुमच्या पगाराच्या माणसाला टर्म इन्शुरन्स याच्या कितीतरी पट हवा, आणि हप्ता याच्या पासंगालाही पुरणार नाही. चौथा हप्ता भरू नका. लॉक-इन पाच वर्षांचं आहे. पैसे तोवर पॉलिसीच्या बंद फंडात पडून राहतील, किमान चार टक्के मिळतील. हे नुकसान छोटं आहे. "इतके भरलेत तर आता पुरतेच भरू" या हिशोबाने होणारं मोठं असेल.

दुरुस्ती होते. चूक अजाणतेपणी झाली असेल, तर स्ट्रीमलाइन्ड नावाचा रस्ता आहे: तीन वर्षांची सुधारित रिटर्न, सहा वर्षांपर्यंतचे राहिलेले एफबार, चूक कशी झाली याचं सही केलेलं निवेदन आणि लपलेल्या रकमेच्या सर्वोच्च वर्षअखेर आकड्यावर पाच टक्के दंड. तुमच्यासाठी साधारण 3,000 डॉलर. पीएफआयसी हाताळणाऱ्या सीपीएची, म्हणजे तिथल्या सीएची, फी आणखी 4,000 धरा. कुणी म्हणेल, यंदापासून गुपचूप 'येस' करायला लागा, मागचं कोण विचारतंय. तसं करू नका. हे वाचल्यावर पुढच्या वेळी 'नो' केलंत तर 'अजाणतेपणी' हा शब्द तुमच्याकडून गेला, आणि तुमचं ग्रीन कार्ड अजून रांगेत आहे.

आता बेरीज. फंडांचे 40,000 डॉलर धरून बसला होतात, त्यातून 7, 3 आणि 4 हजार वजा. हातात 26,000. वीस टक्के डाउन पेमेंट 52,000. अमेरिकेतले तुमचे 22,000 सगळे ओतले तरी पुरत नाहीत, आणि ते ओतायचे नाहीतच. एच-1बीवर नोकरी गेली तर दुसरी शोधायला 60 दिवस मिळतात. ट्रॅक्टरचा धंदा मक्या-सोयाबीनच्या भावावर हलतो हे तुम्हाला मी सांगायला नको.

तरी घराबद्दल विचारलंत म्हणून. 2,08,000 चं कर्ज साडेसहा टक्क्यांनी, हप्ता 1,315. घरपट्टी, विमा, डागडुजी धरून 2,200 च्या आसपास. पहिल्या महिन्यात मुद्दल फिटणार 190 डॉलर. चार-पाच वर्षांत विकावं लागलं तर दलाली आणि खर्चात 17-18 हजार जातील. "किंमत वाढेलच" हे कोथरूडचं गणित आहे. डेव्हनपोर्टची वस्ती 1980 मध्ये 1,03,000 होती, 2020 मध्ये 1,01,700. चाळीस वर्षांत गाव तेवढंच राहिलं, तिथे जमिनीला पुण्याचा भाव कुठून येणार?

शिवाय नदी. मिसिसिपीवरच्या एवढ्या शहरांत डेव्हनपोर्टने कायमची पूरभिंत बांधली नाही. नदी दिसली पाहिजे, हा तिथला जुना आग्रह. 30 एप्रिल 2019 ला तात्पुरते अडथळे फुटले आणि पाणी डाउनटाउनमध्ये शिरलं. दोन दिवसांनी पातळी 22.7 फूट, 1993 चा विक्रम मोडला. पुराची पातळी तिथे 15 फुटांना सुरू होते. साध्या घरविम्यात पूर धरलेला नसतो. सरकारी पूरविमा वेगळा घ्यावा लागतो, इमारतीला कमाल अडीच लाख डॉलर, तळघरातल्या सामानाला जवळजवळ काहीच नाही. तुम्ही पाठवलेला तळघराचा फोटो पुन्हा बघा. घर गरम करायची भट्टी आणि पाण्याचा हीटर, दोन्ही काँक्रीटच्या ठोकळ्यांवर चढवलेत. मागे भिंतीवर गुडघाभर उंचीची तपकिरी रेघ. एजंट म्हणाला, जुना रंग आहे. रंगासाठी कुणी भट्टी उचलून ठेवतं का?

नदीकाठचा डेव्हनपोर्ट ते बेटेनडॉर्फचा चालायचा रस्ता सगळ्यांना खुला आहे. उन्हाळ्यात चॅनेल कॅटची बोट आहे, बाबांना घेऊन मोलीनला उतरा आणि त्याच बोटीने परत या. भाड्याचा करार वाढवताना नदीपासून चढावरची खोली मागा. आणि सीपीएला फोन करण्याआधी सहा वर्षांची बँक स्टेटमेंट एका फोल्डरमध्ये काढून ठेवा, बाबांच्या जॉइंट एफडीचीसुद्धा.