पार्वोने पिल्लू गेलेल्या घरात दुसरं पिल्लू कधी आणावं?

तुम्ही लिहिलंय की दोन महिन्यांपूर्वी तुमचं अकरा आठवड्यांचं कुत्र्याचं पिल्लू पार्वोने (उलट्या आणि रक्ताचे जुलाब होणाऱ्या विषाणूच्या आजाराने) गेलं, तेही लसीचे दोन डोस झालेले असताना. आता ओळखीत सात आठवड्यांचं दुसरं मिळतंय, घर फिनेलने तीनदा धुऊन काढलंय, मग आणायला हरकत नाही ना? आणि जुन्याचा पट्टा टाकवत नाही, त्याचं काय करू?

हरकत आहे. हे पिल्लू आत्ता आणू नका. मी डॉक्टर नाही, पण बरीच वर्षं आईवेगळी पिल्लं घर मिळेपर्यंत सांभाळतोय, आणि जी चूक तुमच्या हातून होऊ शकते ती मी करून बसलोय.

आधी फिनेलचं. पार्वोच्या विषाणूवर चरबीचं आवरण नसतं. बरीचशी जंतुनाशकं ते आवरण फोडूनच विषाणू मारतात, इथे फोडायला काही नाहीच. त्यामुळे फिनेल, हाताला लावायचं सॅनिटायझर, सुवासिक फ्लोअर क्लीनर यांच्या भरवशावर राहता येत नाही. फरशी चकचकीत दिसते, वास छान येतो आणि विषाणू जिथल्या तिथे असतो. घरात तो काही महिने सहज टिकतो, बाहेर सावलीतल्या ओलसर मातीत वर्षभरही. दोन महिने म्हणजे त्याच्या हिशेबाने काहीच नाही.

त्याच्यावर चालतं ते साधं ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. साधारण 5 टक्क्यांचं घरगुती ब्लीच असेल तर एक भाग ब्लीचला तीस भाग पाणी, म्हणजे लिटरभर पाण्यात तीसेक मिलिलिटर. पण ते घाणीवर ओतून उपयोग नाही, शी-उलटीचा अंश राहिला की ब्लीच त्यातच खर्ची पडतं. म्हणून आधी साबणाच्या पाण्याने घासायचं, धुवायचं, आणि मग ब्लीचचं पाणी पसरून फरशी निदान दहा मिनिटं ओली ठेवायची. दहा म्हणजे दहा, घड्याळ लावून. लगेच पुसलं तर केलेलं सगळं फुकट. खिडक्या उघड्या ठेवा. ॲसिड किंवा दुसरं कुठलंही क्लीनर त्यात मिसळू नका, विषारी वायू होतो. लघवीवरही थेट ओतू नका, आधी पाण्याने धुवा. गादी, कापडी खेळणी, सोफ्याचं कव्हर असल्या वस्तूंवर ब्लीच मारता येत नाही, त्या टाकलेल्याच बऱ्या. अंगणातली माती तर धुताच येत नाही. तिथली शी उचलायची, ऊन लागेल असं मोकळं करायचं आणि नव्या पिल्लाला तिकडे फिरकू द्यायचं नाही.

आता तुम्हाला जे खरं छळतंय ते. दोन डोस होऊनही कसं झालं?

पिल्लू जन्मल्यावर पहिल्या दिवशी आईचं चिकाचं दूध पितं. आई लस घेतलेली किंवा आजारातून उठलेली असेल तर तिची प्रतिपिंडं, म्हणजे आजाराशी लढणारी रक्तातली द्रव्यं, त्या दुधातून पिल्लाला मिळतात. ती दर नऊ-दहा दिवसांनी निम्मी होत जातात. गोची अशी, की ती शिल्लक असेपर्यंत लसीतल्या कमजोर केलेल्या विषाणूलाही मारतात, म्हणजे लस टोचली तरी लागत नाही. आणि मधे काही दिवस असे येतात की लस अडवण्याइतकी प्रतिपिंडं अंगात असतात, पण खरा आजार अडवण्याइतकी नसतात. हे दिवस कधी येतील ते बाहेरून कळत नाही. एकाच वेतातल्या एकाचे आठव्या आठवड्यात, दुसऱ्याचे तेराव्यात. म्हणून डोस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून दर दोन ते चार आठवड्यांनी देत जातात आणि शेवटचा सोळाव्या आठवड्यात किंवा त्यानंतर. त्यातला एखादा तरी लागेल, हा त्यामागचा हिशेब. किती डोस झाले याला मी फार महत्त्व देत नाही, शेवटचा कितव्या आठवड्यात झाला ते विचारतो. पुढचा बूस्टर सहा महिन्यांचं किंवा वर्षाचं झाल्यावर. तुमचं पिल्लू गेलं तेव्हा ते या फटीत होतं, असं मला वाटतं. डॉक्टरांची किंवा तुमची चूक शोधत बसू नका.

माझी चूक मात्र माझीच होती. घरात तीन पिल्लं होती, दहा आठवड्यांची, दोन-दोन डोस झालेली. चौथं आलं, जरा मरगळलेलं. वेगळं म्हणून मी त्याला मागच्या खोलीत ठेवलं, भांडी वेगळी, टॉवेल वेगळा. हात धुऊन धुऊन सोलवटले होते. आणि फरशी? दोन्ही खोल्यांना एकच पोछा, एकच बादली. चौथ्या दिवशी त्याला रक्ताची शी झाली. आठवड्याभरात आधीच्या तिघांपैकी दोन आडवी पडली. त्यातलं एक वाचलं. तो पोछा अजून डोळ्यांपुढे येतो, निळ्या दांड्याचा.

त्यात आणखी एक गोष्ट मला तेव्हा माहीत नव्हती. संसर्ग झाल्यापासून लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस लागतात, कधी दोन आठवडेही. आणि शीतून विषाणू बाहेर पडायला सुरुवात होते ती बहुतेकदा लक्षणं दिसायच्या आधीच. म्हणजे ‘बरं दिसतंय की’ याला काही अर्थ नाही. आता माझ्याकडे येणारं प्रत्येक पिल्लू चौदा दिवस वेगळं राहतं, त्याचं झाडू-पोछा-चप्पल सगळं त्या खोलीतच. बरी असलेली पिल्लं आधी आवरायची, वेगळं ठेवलेलं शेवटी. घरातल्या माणसांच्या चपलांच्या तळव्यांवर लक्ष ठेवा, बाहेरचा पार्वो बहुतेक त्यावरूनच आत येतो. (माणसाला कुत्र्यांचा हा पार्वो होत नाही, पण तो आपण वाहून नेतो. घरात मांजर असेल तर तिचीही लस बघून घ्या, आजच्या पार्वोचे प्रकार मांजरांनाही लागू शकतात.)

मग करायचं काय? माझं मत विचाराल तर थोडं मोठं कुत्रं घ्या, लसीचे सगळे डोस झालेलं. पिल्लूच हवं असेल तर सोळा आठवड्यांनंतरचा डोस होऊन आठवडा उलटू द्या, मग घरी आणा. लसीचं पुस्तक मागून बघा. प्रत्येक डोसपुढे बाटलीवरचं स्टिकर हवं, नुसती तारीख आणि ‘दिलं’ असं लिहिलेलं मी धरत नाही. लस 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्येच ठेवावी लागते, त्यामुळे ती डॉक्टरांच्या फ्रीजमधून आलेली असावी, कुणी पिशवीतून आणून टोचलेली नको.

याचा अर्थ तोवर पिल्लू जिथे असेल तिथे त्याला चार महिने कोंडून ठेवा असा नाही. तीन ते चौदा आठवडे हे त्याचं जग ओळखायचं वय. कडेवर घेऊन फिरवा, गाड्यांचे आवाज ऐकू द्या, लस झालेल्या ओळखीच्या कुत्र्याशी त्याच्या घरी खेळू द्या. फक्त अनोळखी कुत्री शी-शू करतात त्या जमिनीवर पाय टेकवू देऊ नका.

जिआर्डिया आणि कॉक्सिडिया हे आतड्यातले सूक्ष्म परजीवी आणि जंत हे पोट बिघडवणारे बाकीचे पाहुणे. जंताचं औषध दोन आठवड्यांच्या वयापासून दर पंधरवड्याला, आठ आठवड्यांनंतर महिन्याला, सहा महिन्यांचं होईपर्यंत. डोस वजनावर ठरतो, तो डॉक्टरांकडूनच घ्या. जिआर्डियाला ओल आवडते, म्हणून शी लगेच उचला आणि जागा कोरडी ठेवा. कॉक्सिडियावर मात्र ब्लीच चालत नाही, तिथे उकळतं पाणी किंवा वाफ.

लक्षणांबद्दल एकच. रक्ताच्या शीची वाट बघू नका. त्याच्या आधी पिल्लू जेवणापाशी येतं, हुंगतं आणि तोंड फिरवून कोपऱ्यात जाऊन बसतं. त्याच दिवशी डॉक्टरांकडे. फोन करून आधी सांगा, म्हणजे ते तुम्हाला इतर पिल्लांमध्ये बसवणार नाहीत. पार्वोची झटपट चाचणी निगेटिव्ह आली तरी लक्षणं तीच असतील तर पुन्हा करायला सांगा, सुरुवातीला ती चुकू शकते. हा विषाणू आतड्याचं अस्तर आणि अस्थिमज्जा (हाडांतला मगज, जिथे रक्तपेशी तयार होतात) दोन्हींवर घाला घालतो, म्हणून पाणीही जातं आणि पांढऱ्या पेशीही घटतात. सलाईन, उलटी थांबवायचं इंजेक्शन, अँटिबायोटिक हे वेळेत मिळालं तर बरीच पिल्लं उठतात. माणसांच्या जुलाबाच्या गोळ्या देऊ नका, आणि उलट्या चालू असताना तोंडात पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जातं.

राहिला पट्टा. नायलॉनचा असेल तर धुऊन ब्लीचच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवा, रंग थोडा उडेल. चामड्याचा असेल तर त्याला ब्लीच सोसणार नाही. मग घट्ट झाकणाच्या डब्यात घालून वरच्या फळीवर ठेवा. नव्या पिल्लाच्या गळ्यात मात्र नवाच घाला.