एक इयत्ता गाळावी का? पालकांचे प्रश्न

प्रश्न : मुलगी सहा वर्षांची, पहिलीत आहे. तिसरी-चौथीची पुस्तकं सहज वाचते. सकाळी शाळेचं नाव काढलं की पोटात दुखतं. मुख्याध्यापिका म्हणतात, वरच्या वर्गात घातलं तर ती कोमेजेल.

मुख्याध्यापिकांची काळजी खरी आहे, ती उडवून लावू नका. पण त्या काळजीला आधार किती, हेही विचारा. ज्युलियन स्टॅन्ली यांनी १९७१ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गणितात असामान्य असलेल्या मुलांचा दीर्घकालीन अभ्यास सुरू केला. त्यातली मुलं पन्नाशीला आल्यावर त्यांचं मानसिक स्वास्थ्य तपासलं गेलं. शाळेत वयाच्या मानाने किती पुढे नेलं गेलं, याचा त्या स्वास्थ्यावर वाईट परिणाम दिसला नाही. ही मुलं निवडीच्या वेळी बारा-तेरा वर्षांची होती, त्यामुळे सहा वर्षांच्या मुलीला हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही. तरी "नुकसान होणारच" हे गृहीत धरायलाही जागा उरत नाही.

शिवाय आहे तिथंच ठेवणं हाही निर्णयच आहे. जे येतं तेच वर्षभर गिरवणाऱ्या मुलाला कष्ट न करता शाबासकी मिळत राहते. पुढे पहिलं अवघड गणित समोर आलं की ते गडबडतं, कारण अडलं तर काय करायचं हे त्याला कधी शिकावंच लागलेलं नसतं. मला याची चिंता जास्त वाटते. (पोटदुखीसाठी आधी डॉक्टरांना दाखवा. वर्गात कोणी त्रास देतं का, तेही पाहा.)

प्रश्न : शाळेत काय घेऊन जावं? मागच्या वेळी "सगळ्याच पालकांना आपलं मूल हुशार वाटतं" हे ऐकून परतलो.

"फार हुशार आहे" असं म्हणूच नका. ज्या वर्गात जायचं, त्या वर्गाची वर्षअखेरीची प्रश्नपत्रिका शाळेनेच घ्यावी, अशी विनंती करा. स्वतःच्या वर्गात पैकीच्या पैकी गुण मिळाले तर मुलाची झेप मोजलीच जात नाही, पेपर आधीच संपतो. सोबत तारखा घातलेल्या वह्या न्या. आधी वर्गशिक्षिकांशी बोला, मुलाला रोज पाहणाऱ्या त्याच. मग सहा-आठ आठवड्यांचा प्रयोग सुचवा आणि आढावा कोण, कधी घेणार ते लिहून घ्या. परत खाली यावं लागलं तर त्याला नापास म्हणायचं नाही, हेही त्या कागदावर असू द्या.

प्रश्न : गणित पुढचं येतं, पण अक्षर किरटं आणि लेखन सावकाश.

बोटांची वाढ वयाप्रमाणे होते, बुद्धीप्रमाणे नाही. तोंडी उत्तरांची आणि जादा वेळेची सवलत मागा. एवढ्यावरून इयत्ता अडवू नये.

प्रश्न : मोठा भाऊ दुसरीत आहे. धाकटी दुसरीत गेली तर दोघं एकाच वर्गात येतील.

इथे मी थांबायला सांगेन. असे निर्णय घेण्यासाठी अमेरिकेत वापरली जाणारी आयोवा मोजपट्टीही, भावंड त्याच इयत्तेत असेल तर इयत्ता गाळू नये असंच म्हणते. मुलाची स्वतःची इच्छा नसेल तरीही नाही. तुमच्यासाठी एका विषयाचा मार्ग खुला आहे : मुलगी पहिलीतच राहील, फक्त गणिताच्या तासाला वरच्या वर्गात बसेल. मात्र तो वर्ग भावाचा नसावा. दोन्ही वर्गांच्या गणिताच्या तासांचं वेळापत्रक जुळतं का, ते आधी विचारा. बरेचदा बोलणी तिथंच अडतात.