इंजेक्शन देऊनही काळजावर पांढरे डाग का?

वाचकांचे प्रश्न, पशुवैद्यकाची उत्तरं

प्रश्न : डॉक्टर मॅडम, नमस्कार. माझ्याकडे चार माद्या, एक नर आणि लहानमोठी वीस-बावीस डुकरं आहेत. दर तीन महिन्यांनी सगळ्यांना आयव्हरमेक्टिन हे जंताचं औषध टोचतो. मात्रा गाईच्याच हिशेबानं, ५० किलोला १ मिली. तरी पिल्लं खोकतात, पोटं सुटलेली, केस राठ, आणि विष्ठेत वीतभर लांब पांढरे जंत दिसतात. परवा दोन डुकरं कापली, तर दोन्हींच्या काळजावर, म्हणजे यकृतावर (लिव्हरवर), पांढरे डाग निघाले. काळजं फेकून द्यावी लागली. कापायच्या दोन महिने आधीच इंजेक्शन झालं होतं. औषध बनावट असेल का? की आता दर महिन्याला टोचू?
– एक वराहपालक, ता. पलूस, जि. सांगली

उत्तर : दादा, काळजाचं आवर्जून लिहिलंत हे फार बरं झालं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथंच आहे.

हे डाग मोठ्या गोल जंताचे. शास्त्रीय नाव अ‍ॅस्केरिस सुअम. त्याचं अंडं डुकराच्या पोटात गेलं की अळी बाहेर पडते, रक्तावाटे काळजात येते, तिथून फुप्फुसात जाते, खोकल्याबरोबर घशात येते आणि गिळली जाऊन पुन्हा आतड्यात उतरते. तिथं तिचा मोठा जंत होतो. अंडं गिळल्यापासून मादी जंत स्वतः अंडी घालायला लागेपर्यंत साधारण सहा ते आठ आठवडे जातात. पिल्लांचा खोकला बहुधा या फुप्फुसातल्या प्रवासाचाच. काळजातून जाताना अळी जखम करते आणि ती भरताना पांढरा व्रण उमटतो. पण हा व्रण कायमचा नसतो. नव्या अळ्या आल्या नाहीत तर पाच-सहा आठवड्यांत काळीज बहुतेक स्वच्छ होतं.

आता हिशेब मांडा. इंजेक्शनला दोन महिने झाले होते आणि डाग तरीही होते. म्हणजे त्या डुकरांनी अंडी गिळली ती इंजेक्शनाचा असर ओसरल्यावर. औषध बनावट असेल असं मला वाटत नाही. त्यानं पोटातले जंत मारले असणार, पण डुकरं उभी होती ती जमीन तशीच राहिली. एक मादी जंत दिवसाला लाखांनी अंडी टाकते. अंड्याचं कवच चिकट आणि जाड असतं. ऊब आणि ओल मिळाली की तीन-चार आठवड्यांत ते रोग द्यायला तयार होतं आणि सावलीतल्या ओल्या मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतं. फिनेल, चुना, ब्लीचिंग पावडर यांना ते दाद देत नाही. मरतं ते उकळत्या पाण्यानं, आगीच्या झोतानं आणि कडक उन्हात पूर्ण वाळल्यानं. कृष्णाकाठच्या काळ्या रानात, पत्र्याखाली, पाणी साचणाऱ्या कोपऱ्यात ते किती आरामात राहत असेल याची कल्पना करा.

म्हणून दर महिन्याला टोचू नका. पैसा जाईल, आणि औषधाला न जुमानणारे जंत तयार व्हायला वाव मिळेल.

आधी मात्रा सुधारा. डुकराला आयव्हरमेक्टिन गाईपेक्षा जास्त लागतं. १ टक्क्याचं औषध असेल तर ३३ किलो वजनाला १ मिली, कानामागे मानेच्या कातडीखाली. वजन नजरेनं ठरवू नका. शिंप्याची टेप घ्या. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर मोजा आणि दोन कानांच्या मधून शेपटीच्या बुडापर्यंत लांबी मोजा, दोन्ही मीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, आणि त्याला ६९ नं गुणा. घेर १.१० आणि लांबी १.२० भरली तर वजन सुमारे १०० किलो. तिला ३ मिली हवं, तुम्ही देत होता २.

दुसरं काम मादीचं, आणि माझ्या मते हेच सगळ्यात मोलाचं. गाभणकाळ ११४ दिवसांचा. शंभराव्या दिवसाच्या सुमारास तिला जंताचं औषध द्या. आयव्हरमेक्टिन दिलंत तर चिकातून पिल्लांना जाणाऱ्या बारीक जंताचाही जोर कमी होतो. मग विण्याच्या जागी नेण्याआधी तिला धुवा. नुसतं पाणी मारून भागत नाही. कोमट पाणी, साधा साबण आणि काथ्याचा ब्रश घ्या, तिला आडवी होऊ द्या आणि सडांच्या मधल्या घड्या, मांडीच्या आतली बाजू, खुरांच्या फटी घासून काढा. चिकट अंडी तिथंच बसलेली असतात, आणि पिल्लू जन्मल्यावर काही मिनिटांत तोंड लावतं ते त्याच सडाला. धुतलेली मादी परत जुन्या घाणीत गेली तर सगळी मेहनत वाया. विण्याचा कप्पा आधी खरवडून, उकळत्या पाण्यानं धुऊन, कोरडा करून ठेवा.

पिल्लांचं दूध तोडताना, म्हणजे आठ आठवड्यांच्या आसपास, पहिलं औषध आणि पाच-सहा आठवड्यांनी दुसरं. नराला वर्षातून दोनदा. विकत आणलेलं डुक्कर थेट कळपात सोडू नका. तीन-चार आठवडे वेगळं बांधा आणि आल्याआल्या औषध द्या. खाद्यातून फेनबेंडाझोल हे जंताचं दुसरं औषध देणार असाल तर मोठी डुकरं लहानांचा वाटा खातात, म्हणून वयाप्रमाणे वेगळं चारा.

घाण रोज खरवडा. फरशीला उतार द्या. उन्हाळ्यात एकेक कप्पा आळीपाळीनं रिकामा करा, पत्रे काढता आले तर काढा आणि एप्रिल-मेचं ऊन आत येऊ द्या. ही ताजी घाण मेथी-कोथिंबिरीला घालू नका, कारण हा जंत माणसालाही होऊ शकतो. ढीग लावून, उलटून-पालटून, आतून हात लावू नये इतका तापू द्या.

अजून एक. विष्ठेत रक्त-शेंबूड दिसला तर चाबूक-कृमीचा, म्हणजे चाबकासारख्या दिसणाऱ्या वेगळ्या जंताचा, संशय घ्या. त्यावर आयव्हरमेक्टिनचा भरवसा नाही, फेनबेंडाझोल सलग तीन दिवस लागतं. ताजी विष्ठा, जमिनीवरून उचललेली नव्हे, डब्यात घालून बर्फावर ठेवून तालुक्याच्या दवाखान्यात द्या. शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय तुमच्या शेजारच्याच जिल्ह्यात आहे, तिथंही सल्ला मिळेल. औषध दिल्यापासून किती दिवस डुक्कर कापायचं नाही ते बाटलीवर लिहिलेलं असतं. तेवढे दिवस पाळाच.

प्रश्न : आमच्या उसाला हुमणी फार. डुकरं रानात सोडली तर ती हुमणी उकरून खातील आणि खाद्याचाही खर्च वाचेल, असं वाटतं. करावं का?
– एक शेतकरी, ता. कराड

उत्तर : खातील, आवडीनं खातील. पण हुमणीच्या अळीत आणि भुंगेऱ्यात काटेरी तोंडाच्या जंताची पिल्लावळ वाढते. तो डुकराच्या आतड्यात सोंड रुतवून बसतो, कधी भिंतीला भोकही पाडतो. एका डुकराला तो असला की त्याची विष्ठा रानात पडते, तिथली हुमणी ती खाते, आणि पुढचं डुक्कर हुमणी खातं. गांडुळातून फुप्फुसाचे जंत येतात ते वेगळेच. हुमणीसाठी वळवाच्या पावसानंतर कडुनिंब-बाभळीवरचे भुंगेरे रात्री झाडून गोळा करा. डुकरं गोठ्यातच बरी.

प्रश्न : डुकराचं मांस खाल्ल्यानं मेंदूत जंत होतो आणि फिट येते म्हणतात. शेजारी आमच्याशी भांडतात. खरं काय?
– एक वाचक भगिनी, ता. मिरज

उत्तर : ताई, शेजाऱ्यांना नीट समजावून सांगा. कच्चं राहिलेलं, फोडवालं मांस खाल्लं तर माणसाच्या आतड्यात पट्टकृमी, म्हणजे पट्टीसारखा चपटा जंत, होतो. मेंदूत गाठी होतात त्या मात्र या कृमीची अंडी पोटात गेल्यानं, आणि ती अंडी येतात ज्याच्या आतड्यात पट्टकृमी आहे अशा माणसाच्या विष्ठेतून: न धुतलेल्या हातानं, पाण्यानं, कच्च्या भाजीनं. जन्मात मांस न खाणाऱ्यालाही ही फिट येऊ शकते. डुकरालाही हा रोग माणसाकडूनच लागतो, उघड्यावरची विष्ठा खाऊन. म्हणून डुकरं मोकाट सोडू नका, घरातल्या प्रत्येकानं शौचालय वापरावं, आणि हंगामात ऊसतोडीची टोळी जवळ उतरली असेल तर त्या माणसांना शौचालय मिळावं म्हणून ग्रामपंचायतीकडे आणि कारखान्याकडे तुम्हीच मागणी करा. ती सोय त्यांच्या हक्काची आहे. कापलेल्या मांसात ज्वारीच्या दाण्याएवढे पाण्याचे फोड दिसले तर ते विकू नका, खाऊ नका, खोल पुरा. आणि घरातल्या कुणाच्या शौचात चपटे पांढरे तुकडे पडताना दिसले तर लगेच सरकारी दवाखाना गाठा. डुकराचं औषध माणसाला देऊ नका.