डन्जन्स अँड ड्रॅगन्स या काल्पनिक पात्रं रंगवण्याच्या खेळात मनाने चांगलं पात्र लॉफुल गुडच (कायदा पाळणारं आणि चांगलं) असावं लागतं का?

नाही, असं पात्र न्यूट्रल गुड (कायद्याबाबत तटस्थ, पण चांगलं) किंवा केऑटिक गुडही (कायदा न जुमानणारं, पण चांगलं) असू शकतं. १९७४च्या मूळ खेळात पात्राच्या वृत्तीच्या लॉ (कायदा), न्यूट्रॅलिटी (तटस्थता) आणि केऑस (अराजक) एवढ्या तीनच बाजू होत्या. १९७८च्या प्लेयर्स हँडबुक या नियमपुस्तकात त्या नऊ झाल्या आणि चांगुलपणा कायद्यापासून वेगळा मोजला जाऊ लागला. तुमची चोर उपाशी पोरांसाठी धान्यकोठाराचं कुलूप तोडते, पहारेकऱ्याला ओरखडाही न काढता, आणि कायदा तिच्या खिजगणतीत नाही? मग ती केऑटिक गुड. आधी नगरप्रमुखाकडे रीतसर धान्य मागून, नकार मिळाल्यावरच कुलपाला हात घातला, तर मी न्यूट्रल गुड लिहीन. फक्त पॅलाडिन (धर्मयोद्धा) हे पात्र घेणार असाल तर आवृत्ती बघा: तिसऱ्या आवृत्तीपर्यंत त्याला लॉफुल गुडची सक्ती होती, पाचवीत नाही.